खण एकशे सोळा

एकाच वस्तूला एक कोटी वेळा विचारलं मी,
तुझी किंमत किती.
आधी टिंब देऊन, सरळ.
मग चौकोनी कंसात नाव लिहून.
मग रीतसर, गेटरच्या दारातून.
शेवटी रिफ्लेक्शननं, म्हणजे तिला उभीच केली
आणि म्हटलं, खिशात काय काय आहे
ते एकेक बाहेर काढ.

खराडी, सहावा मजला, पावणेबारा.
एसी कधीच बंद झालेला,
लॅपटॉपचा पंखा तेवढा धापा टाकतोय.
टिंब: अकरा मिलिसेकंद.
कंस: नव्वद.
रिफ्लेक्शन: सातशेच्या वर, मी पुढचं वाचलं नाही.
आणि गेटर: दोनशे साठ,
कारण आमचा गेटर वाटेत थांबतो,
दोन कामं उरकतो, मग उत्तर देतो.
कोणती कामं, ते त्या रात्री
मी उघडून बघितलं नाही.
गेटर खोडला. टिंब ठेवलं.
अकराचा आकडा बघत
डब्यातली उरलेली पोळी गार खाल्ली.

नाना पेठेत अप्पांचं स्पेअर पार्टचं दुकान,
भिंतभर खण, चारशेला दोन कमी.
गिऱ्हाईक म्हणायचं, चेतकचा जेट,
अप्पा त्याच्याशी बोलत राहायचे,
मान न वळवता हात मागे,
खण एकशे सोळा,
जेट काउंटरवर.
यासीन नवा होता. तो चिठ्ठ्या वाचायचा,
शिडी सरकवायचा, पुन्हा वाचायचा.
एकदा मी मोबाईलवर वेळ लावली:
अप्पा दोन सेकंद, यासीन एकोणीस.
अप्पा खूश. यासीन कानापर्यंत लाल.
आणि तेच गिऱ्हाईक त्यानंतर
वीस रुपयांसाठी पाऊण तास घासाघीस करत बसलं,
दोन चहा झाले,
शेजारच्या टायरवाल्याचं लग्न मोडलं ते सांगून झालं.
ती सतरा सेकंदं कुणाच्या हिशेबात होती?
हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

अप्पांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं,
त्या पंधरा दिवसांत श्रीरंगनं दुकान रंगवून घेतलं.
खण नव्यानं लावले, अक्षरांप्रमाणे.
चांगलंच केलं त्यानं. मीच म्हटलं होतं, लाव.
अप्पा आले, गादीवर बसले,
कुणीतरी म्हणालं जेट,
हात मागे गेला, न बघता,
आणि काउंटरवर आला इंडिकेटरचा बल्ब.
गिऱ्हाईक हसलं.
अप्पापण हसले, जरा उशिरानं.

सकाळी मुंढव्याच्या पुलावर
सिग्नलला अडकले असताना फोन आला, मेघश्यामचा.
देवयानी, रात्री काय केलंस?
चारशे बारा बिलं गेली, एकावरही कर नाही.
म्हणजे तो गेटर वाटेत
जीएसटी लावत होता बिचारा,
आणि बघत होता किंमत जुनी तर नाही ना.
मागचा टेम्पो हॉर्न वाजवत राहिला.
बिलं मुळात उशिरा का निघत होती,
तेही दुपारी सापडलं:
डेटाबेसच्या एका प्रश्नाला लागत होते चार सेकंद.
माझे अडीचशे मिलिसेकंद
त्यात कुठे शोधायचे?
गेटर परत आणला. वर ओळ लिहिली,
हा उगाच थांबत नाही.
मेघश्याम म्हणाला, कॉमेंट जरा भावुक आहे.
राहू दे म्हटलं.

रविवारी दुकानात गेले होते.
यासीन आता चिठ्ठ्या वाचत नाही,
त्याचाही हात परस्पर जातो.
अप्पांचा अजून एकशे सोळाकडेच निघतो,
पण अर्ध्यावर थांबतो.
ते मान वळवतात,
फळीचा रंग बघतात, जुना की नवा,
आणि मग विचारतात,
यासीन, जेट कुठंय रे?

मी वेळ लावली नाही.